बसणे आणि जुळणे

बदलापूर या नावाची जी कथा तेथील वृद्ध माणसे मोठ्या ममत्वाने सांगतात ती अशी, की घाटावरून कोकणात उतरणारे आणि कोकणातून गुजरातेकडे निघालेले स्वार या ठिकाणी मुक्कामाला थांबत, थकलेली घोडी पागेत सोडून ताज्या दमाची घोडी घेत, आणि घोडी बदलण्याचे गाव म्हणून त्याला बदलापूर म्हणू लागले. ही कथा लोकांनी जपलेली आहे आणि मी ती लोककथा म्हणूनच घेतो. परंतु जनावर बदलणाऱ्या कोणत्याही शहाण्या स्वाराला जी एक गोष्ट ठाऊक असते, ती या लेखाच्या विषयाशी इतकी निगडित आहे की तिच्यापासूनच आरंभ करणे मला उचित वाटते. नव्या घोड्याच्या पाठीवर जुने खोगीर चढले, तंग आवळला गेला आणि रिकीब पायात आली, म्हणजे खोगीर ‘बसले’ एवढेच सिद्ध होते. ते त्या पाठीशी ‘जुळले’ की नाही, हे चार कोस दौड झाल्यावर घोड्याची सोललेली कातडी सांगते.

आज त्याच टापूत, विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंतच्या रस्त्यांवर, घोड्यांच्या ऐवजी इंजिने बदलली जातात. महायुद्धाच्या काळात कल्याणनजीक उभारलेल्या पाच लष्करी छावण्यांत फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे उतरली, ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे नव्या नगराची कोनशिला बसली, आणि उल्हास नदीवरून त्या नगराला उल्हासनगर हे नाव मिळाले. ज्यांना सर्व काही मागे टाकून यावे लागले, त्यांना हाती आलेली जुनी वस्तू उघडून पाहण्याची, दुरुस्त करण्याची आणि पुन्हा चालती करण्याची विद्या आपोआपच अंगवळणी पडली, आणि ती या नगराच्या स्वभावात आजही आहे. शेजारच्या अंबरनाथात, जेथे शके ९८२ चा शिलालेख वागवणारे शिलाहारकालीन शिवालय वालधुनी नदीच्या काठी उभे आहे, तेथे १९५३ साली सरकारने यंत्रांची आद्यरूपे घडवण्याचा कारखाना, म्हणजेच मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, काढला, आणि पुढे औद्योगिक वसाहतही झाली. तात्पर्य, लेथवर हजारांश इंचाचा हिशेब करणाऱ्या हातांची या टापूत वाण नाही. वाण आहे ती एका भेदाच्या जाणिवेची, आणि तो भेद म्हणजेच या लेखाचे शीर्षक.

गॅरेजमध्ये कान देऊन ऐकले तर ‘बसतं’ हा शब्द दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतो. या गाडीला त्या गाडीची क्लच प्लेट बसते, त्या इंजिनाला या इंजिनाचे फ्लायव्हील बसते, बोल्टची भोके जमतात, स्टार्टरचे दात धरतात, झाले. या शब्दाला मी नावे ठेवीत नाही. त्याच्यामागे पिढ्यांचा रास्त अनुभव आहे. जनरल मोटर्सने १९२८ पासून १९५४ पर्यंत मुंबईत शिवडीला जुळवलेल्या शेव्हरोले गाड्या आणि कुर्ल्याला प्रीमियरने जुळवलेल्या डॉज व प्लिमथ या मोटारींत बहुधा सरळ रांगेतली सहा सिलिंडरांची इंजिने असत. पेट्रोल महागले तेव्हा कित्येक मालकांनी ती काढून तेथे चार सिलिंडरांची डिझेल इंजिने बसवली. महिंद्राच्या पेट्रोल जीपगाड्यांचेही असेच झाले. आता सरळ रांगेतल्या चार आणि सहा सिलिंडरांच्या इंजिनांचा क्रँक शाफ्ट स्वभावतःच असा घडलेला असतो, की एका बाजूला झुकलेल्या क्रँकचा भार विरुद्ध बाजूचा क्रँक तोलून धरतो, आणि मागे जोडलेल्या फ्लायव्हीलकडून, ज्याला आपल्या परिभाषाकारांनी ‘प्रचक्र’ असे सुरेख नाव दिले आहे, त्याला स्वतःच्या तोलासाठी काहीही उसने घ्यावे लागत नाही. अशा इंजिनाच्या फ्लायव्हीलने केवळ स्वतःपुरते समतोल असावे, एवढी एकच अपेक्षा असते. म्हणून या इंजिनांच्या बाबतीत जे बसले ते बव्हंशी जुळलेही, आणि मिस्त्रीच्या मनात हे दोन शब्द एकरूप होऊन गेले. ज्या इंजिनांनी ही सवय लावली ती क्षमाशील होती. आज त्याच हातांखाली येणारी सर्वच इंजिने तशी नाहीत.

तोल म्हणजे काय, हे शेताची राखण करणाऱ्याला गोफण फिरवताना मनगटाने कळते. दगड लहानच असतो, पण वेग वाढला की दोरी हाताला ओढू लागते, आणि ही ओढ वेगाच्या प्रमाणात वाढत नसून वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते: वेग दुप्पट झाला की ओढ चौपट. फ्लायव्हीलच्या मध्यापासून १५ सेंटिमीटर अंतरावर केवळ १० ग्रॅम भार अधिक राहिला आहे असे समजा. इंजिन जागच्या जागी मिनिटाला ७५० फेऱ्यांनी चालत असताना हा भार मागच्या मेन बेरिंगला एक किलोहूनही कमी जोराने ओढतो, आणि गॅरेजच्या अंगणात उभ्या गाडीत कोणालाही काही जाणवत नाही. तेच इंजिन ३००० फेऱ्यांवर गेले की ओढ १५ किलोंची होते आणि ६००० फेऱ्यांवर ६० किलोंची. शिवाय ही ओढ एकाच दिशेने नसून फेरीबरोबर फिरत राहते, म्हणजे ३००० फेऱ्यांच्या वेगात बेरिंगला सेकंदाला ५० वेळा चहूबाजूंनी हिसका बसतो. दहा ग्रॅम म्हणजे चहाचे दोन चमचे साखर.

आता ज्या इंजिनांचा तोल त्यांच्या स्वतःच्या पोटात पुरा होत नाही, त्यांच्याकडे वळू. व्ही आकाराच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनात क्रँकच्या अंगावर मोठे प्रतिभार घडवावे लागतात, कारण फिरणारा सर्व भार आणि वरखाली धावणाऱ्या दट्ट्यांचा निम्मा भार त्या प्रतिभारांनी तोलायचा असतो. जेथे क्रँककेसमध्ये प्रतिभाराला पुरेशी जागा उरत नाही, तेथे इंजिन घडवणारा अभियंता उरलेला भार बाहेर, म्हणजे पुढच्या टोकाच्या डँपर पुलीवर आणि मागच्या टोकाच्या फ्लायव्हीलवर किंवा फ्लेक्सप्लेटवर, मुद्दाम एका अंगाला ठेवून देतो. याला बाह्य तोल म्हणावे. वहीची उपमा द्यायची तर जमाखर्चाची एक वही क्रँक शाफ्टजवळ आहे, पण बाकी रक्कम दुसऱ्याच दोन वह्यांत मांडलेली आहे. आणि तिन्ही वह्या एकत्र उघडल्याशिवाय हिशेबाची रुजवात होत नाही. इंजिन बदलणारा माणूस पहिली वही उचलून नेतो आणि उरलेल्या दोन जुन्या गाडीतच राहू देतो, येथे अनर्थाचा उगम आहे.

याचे अभिजात उदाहरण अमेरिकेतले आहे, आणि तेथे स्थायिक झालेल्या ज्या मराठी कुटुंबांतील तरुणांना घरच्या गॅरेजात जुन्या मोटारी उभ्या करण्याचा छंद लागतो, त्यांना ते लवकरच भेटते. शेव्हरोलेचे ३५० घनइंचांचे इंजिन आपल्या पोटातच तोललेले होते. १९७० साली आलेल्या ४०० घनइंचांच्या इंजिनात दट्ट्याची धाव वाढवून ३.७५ इंच केली गेली, प्रतिभार आत मावेनात, आणि ते बाहेर द्यावे लागले. पण दोहोंच्या क्रँकच्या मागील चकतीवरील बोल्टांची रचना सारखीच होती! ३५० ची प्लेट ४०० ला निर्वेधपणे बसत असे, आणि बसल्यावर सारे इंजिन थरथरत असे. पुढे १९८६ पासून ३५० च्याही मागील सीलची रचना बदलली आणि तेव्हापासून त्याच्या मागच्या प्लेटवरही प्रतिभार आला, पुढची पुली मात्र तटस्थ राहिली. म्हणजे एकाच नावाच्या इंजिनाच्या दोन काळांतल्या वह्या वेगवेगळ्या झाल्या.

फोर्डच्या ३०२ घनइंचांच्या इंजिनाची कथा याहून उद्बोधक आहे, कारण तेथे आकडे स्पष्ट आहेत. आरंभीच्या काळात त्याच्या फ्लेक्सप्लेटवर २८.२ औंस-इंच इतका विषमभार असे, म्हणजे मध्यापासून एक इंचावर २८.२ औंस ठेवल्याने जितका परिणाम होईल तितका; १९८० च्या दशकाच्या आरंभी तो ५० औंस-इंच करण्यात आला. आपल्या मापात हे सुमारे २०३० आणि ३६०० ग्रॅम-सेंटिमीटर होतात. चुकून एकाच्या जागी दुसरी प्लेट लागली तर उरलेला फरक सुमारे १५७० ग्रॅम-सेंटिमीटरचा, आणि ३००० फेऱ्यांवर त्याची ओढ दीडशे किलोंहून अधिक. दोन धडधाकट माणसे क्रँकच्या शेपटाला लोंबकळून सेकंदाला पन्नास वेळा त्याच्याभोवती गरगर फिरत आहेत, असे चित्र वाचकाने डोळ्यांपुढे आणले तर बेरिंगची अवस्था सांगण्यास वेगळे शब्द लागणार नाहीत.

आपल्याकडे व्ही-आठ इंजिने कितीशी, असा प्रश्न कोणी करील, आणि तो रास्त आहे. परंतु तीन सिलिंडरांची इंजिने आपल्या रस्त्यावर १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० बरोबर आली आणि आता ती घरोघर आहेत. तीन क्रँक एकमेकांपासून १२० अंशांवर असल्यामुळे त्यांचे बल परस्परांत विरून जाते खरे, पण एक झुलावा मागे राहतो: पालखीचा पुढचा भोई खांदा उचलतो त्याच क्षणी मागचा वाकतो, आणि एकूण वजन तितकेच राहूनही पालखी पुढून-मागून हिंदकळते, तसा. हा झुलावा मारण्यासाठी काही उत्पादक वेगळा समतोल दंड घालतात. काही मात्र फ्लायव्हील आणि पुढची पुली जाणूनबुजून विषम घडवून उभ्या पातळीतला झुलावा आडव्या पातळीत वळवतात, जेथे इंजिनाची रबरी फाउंडेशने तो सहज पचवतात. फोर्डचे एक लिटरचे इकोबूस्ट इंजिन, जे २०१३ साली इकोस्पोर्टमधून भारतात आले, ते याच तत्त्वाचे. अशा इंजिनाचे फ्लायव्हील काढून एखाद्या कर्तव्यदक्ष कारागिराने ते लेथवर चढवले, एक बाजू जड दिसली म्हणून भोक पाडून ‘समतोल’ करून दिले, तर त्याने प्रामाणिकपणे इंजिनाची अर्धी वही फाडून टाकली असे होईल. येथे दोष कौशल्याचा नव्हे, चौकशीचा आहे. आणि म्हणूनच मला ही गोष्ट इतक्या कळकळीने लिहावीशी वाटते.

फ्लेक्सप्लेट हा शब्द वर आला, त्याचा खुलासा केला पाहिजे. हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत क्रँकच्या मागे जाड ओतीव फ्लायव्हील असते आणि त्यावर क्लच बसतो. स्वयंचलित गिअरच्या गाडीत क्लचच्या जागी तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर येतो; तो आणि त्यातले तेल मिळून इतके वजनदार असतात की फ्लायव्हीलचे जडत्व तेच पुरवतात, आणि मधे केवळ सुमारे तीन मिलिमीटर जाडीची पोलादी चकती पुरते. तिच्या कडेला स्टार्टरसाठी रिंग गिअर असतो. तेलाच्या दाबाने कन्व्हर्टर किंचित फुगतो आणि मागेपुढे सरकतो, ती हालचाल सोसण्यासाठी ही चकती लवचिक ठेवलेली असते. नावातला अर्थ तोच. फ्लायव्हीलवरून फ्लेक्सप्लेटवर येताना प्रतिभाराची परंपरा मात्र तीच चालू राहते: बाह्य तोलाच्या इंजिनात या पातळ चकतीवर एका अंगाला पोलादाचा तुकडा डागलेला दिसतो, आणि तो निरर्थक समजून कोणी काढू नये.

चुकीची प्लेट बसली की प्रथम तीच भोगते. बोल्टांच्या भोकांभोवती केसाएवढ्या बारीक चिरा जातात, इंजिन तापल्यावर टकटक असा आवाज येऊ लागतो, आणि तो कनेक्टिंग रॉडचा आवाज समजून इंजिन खोलण्यापर्यंत पाळी येते. त्यानंतर मागचे ऑइल सील गळू लागते, मेन बेरिंग झिजते, गिअरबॉक्सच्या पुढच्या पंपाचे बूश जाते. कंपनाचे मूळ शोधण्याची रीत सोपी आहे. गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये, इंजिनाचा वेग हळूहळू वाढवावा. कंपन इंजिनाच्या वेगाबरोबर वाढले तर चाकांचा आणि प्रोपेलर शाफ्टचा संशय तेथेच फिटतो. मग कन्व्हर्टरचे बोल्ट काढून तो मागे सारावा आणि थोडा वेळ इंजिन चालवून पाहावे. कंपन नाहीसे झाले तर दोष कन्व्हर्टरचा, राहिले तर प्लेट, पुली किंवा खुद्द क्रँक. पुढच्या डँपर पुलीकडेही नजर टाकावी, कारण तिच्या दोन कड्यांमधले रबर वर्षानुवर्षे तेल आणि उष्णता सोसून सुटते, बाहेरचे कडे सरकते, आणि प्रतिभार त्या कड्यात असेल तर तो आपली नेमलेली जागा सोडून भलतीकडे जाऊन बसतो.

तर जुळवणी कशी करावी? सर्वांत निर्धोक मार्ग हा की, इंजिन विकत घेताना त्याची मागची प्लेट आणि पुढची पुली त्याच इंजिनाबरोबर मागून घ्यावी. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किंवा अन्य जुन्या बाजारातून ‘हाफ इंजिन’ आणताना चार पैसे वाचवण्यासाठी लोक हे दोन भाग मागे सोडतात. ते चार पैसे फार महाग पडतात. जुन्या गाडीच्या गिअरबॉक्ससाठी नव्या इंजिनाची प्लेट चालत नसेल, रिंग गिअरच्या दातांची संख्या वा कन्व्हर्टरच्या बोल्टांचे वर्तुळ निराळे असेल, तर मात्र एका प्लेटचा विषमभार दुसरीवर उतरवून घ्यावा लागतो, जशी जुन्या दस्तऐवजाची नक्कल करून घ्यावी तशी.

आणि हे काम अंबरनाथच्या कोणत्याही लहान लेथवाल्याच्या आवाक्यातले आहे. पातळ चकतीला रुंदी जवळजवळ नसतेच, म्हणून तिचा तोल पाहण्यास वेगाने फिरवण्याचीही गरज पडत नाही. मध्यभागी अचूक बसणारा दंड घालून ती दोन समांतर, पाणसळीने सपाट केलेल्या, घासून गुळगुळीत केलेल्या पट्ट्यांवर ठेवावी आणि अलगद सोडावी. कोठेही ठेवली तरी जागीच राहिली तर ती तटस्थ. प्रत्येक वेळी एकच बाजू खाली येऊन थांबली तर तिच्यात मुद्दाम दिलेला भार आहे. मूळ प्लेटची हलकी बाजू लांबीने (पुटीने) तोलून पाहावी, किती ग्रॅम लांबी किती सेंटिमीटरवर लावल्यावर ती स्थिर होते हे लिहून ठेवावे, आणि नव्या प्लेटवर, बोल्टांच्या भोकांच्या संदर्भाने मूळ प्लेटची जड बाजू असेल अगदी त्याच दिशेला, तितकाच विषमभार येईल अशा मापाचा तुकडा डागावा. दिशा चुकली तर भार बरोबर असूनही सगळे फुकट. जाड फ्लायव्हीलमध्ये डागण्याऐवजी जड बाजूस भोक पाडतात; १० मिलिमीटर व्यासाचे आणि तितक्याच खोलीचे भोक सुमारे सहा ग्रॅम पोलाद काढते, हे ध्यानात ठेवले तर अंदाज चुकत नाही. शेवटचा बारीक हात मात्र तोलयंत्रावरच फिरवावा. फ्लायव्हीलसाठी रूढ असलेल्या जी-६.३ या आंतरराष्ट्रीय प्रतीनुसार ३००० फेऱ्यांवर फिरणाऱ्या १० किलोंच्या चाकात २० ग्रॅम-सेंटिमीटर, म्हणजे १० सेंटिमीटरवर दोन ग्रॅम, एवढाच विषमभार क्षम्य धरतात. लांबी आणि पट्ट्या तेथवर पोचत नाहीत.

बसवताना आणखी एक परीक्षा आहे. गिअरबॉक्स इंजिनाला पूर्ण आवळल्यावर, प्लेटचे बोल्ट घालण्यापूर्वी, कन्व्हर्टर हाताने सुटा फिरला पाहिजे, आणि तो व प्लेट यांत पुष्कळ गिअरबॉक्सांत सुमारे तीन ते पाच मिलिमीटर अंतर राहिले पाहिजे. अंतर नसेल आणि बेल हाऊसिंगचे बोल्ट आवळूनच दोन भाग एकत्र खेचले गेले, तर पहिल्याच सेल्फला पंप फुटतो. येथेही सर्व काही ‘बसलेले’च असते.

सरकारी दफ्तराचा भाग मी थोडक्यात सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली वाहनाच्या मूळ तपशिलात बदल करण्यावर निर्बंध आहेत, आणि जानेवारी २०१९ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते अधिक ठळक झाले. या टापूतील गाड्यांची नोंद कल्याणच्या परिवहन कार्यालयात, एमएच-०५ या शिक्क्याखाली, होते. इंजिन बदलण्याआधी तेथील परवानगी घ्यावी आणि नव्या इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकात चढवून घ्यावा. त्या नोंदीत इंजिनाचा क्रमांक येतो, प्लेटचा आणि पुलीचा येत नाही. ती नोंद ठेवण्याचे काम मिस्त्रीलाच करावे लागते.

आणि चांगला मिस्त्री ते करतो. त्याला पुस्तकाची गरज नसते; त्याच्यापाशी एक सेंटर पंच आणि एक हातोडी असते. इंजिन खाली उतरले, बोल्ट सैल करण्याची वेळ आली, की पाना लावण्यापूर्वी तो चिंधीने तेल पुसतो, क्रँकच्या चकतीवर एक ठिपका ठोकतो, त्याच्या समोर फ्लायव्हीलवर एक, त्याच्या समोर प्रेशर प्लेटवर एक, आणि कोणी घाई केली तरी तिन्ही ठिपके एका ओळीत आल्याचे बोटाने चाचपून पाहिल्याशिवाय पहिला बोल्ट सोडत नाही.